शिकारी पक्ष्याचे कमाल वय आणि सरासरी वय

तासगाव परिसरात द्राक्षबागेच्या बांधावरील लिंबाच्या झाडावर दबा धरून बसणारा शिक्रा हा शिकारी पक्षी किती वर्षे जगतो, असे विचारल्यास दोन वेगवेगळ्या आकड्यांची सरमिसळ होण्याची शक्यता असते. एक आकडा कमाल वयाचा, दुसरा सरासरी वयाचा.

कमाल वय हा एकट्या पक्ष्याचा विक्रम असतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९८१ मध्ये पायात क्रमांकाचे कडे घातलेला रेड-टेल्ड हॉक जातीचा एक शिकारी पक्षी २०११ मध्ये त्याच राज्यात सापडला, तेव्हा त्याचे वय किमान ३० वर्षे ८ महिने होते. त्या जातीचे शरीर किती काळ टिकू शकते, एवढेच यावरून कळते.

सरासरी वयात मात्र लवकर मेलेल्यांचाही हिशेब धरावा लागतो. शिक्र्याचा नातलग असलेल्या युरेशियन स्पॅरोहॉकची सुमारे ३४ टक्के पिल्ले पहिले वर्ष पार करतात आणि पुढे प्रौढांपैकी दरवर्षी सुमारे ६९ टक्के तगतात. या दराने १०० पिल्ले उडाली, तर वर्षाअखेर ३४, दुसऱ्या वर्षी २३, तिसऱ्या वर्षी १६ आणि पाचव्या वर्षी जेमतेम ८ उरतात. तरीही याच जातीत विशी ओलांडलेला पक्षी नोंदला गेला आहे. सर्वांत मोठी गळती पहिल्या वर्षातच होते, कारण आईबापांनी भरवणे थांबवल्यावर सरडा किंवा चिमणी हाती लागेपर्यंत कोवळ्या पक्ष्याची उपासमार होते. पाळलेला पक्षी अधिक जगतो तो याच कारणाने, त्याला आयते खाणे मिळते. (आपल्याकडे शिकारी पक्षी पाळणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.)

विजेच्या तारा, पतंगाचा मांजा आणि विष खाल्लेले उंदीर यांनी सरासरी घटते, कमाल वय फारसे हलत नाही. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांचे कवच पातळ झाले, हे नुकसान आयुष्याचे नसून विणीचे होते. प्रौढ पक्षी थेट मारले ते अल्ड्रिन, डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांनी.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरील अभ्यासात, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून तिथे त्यांचे आयुष्य घटले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पक्षी मरूनही कमी होतात आणि जागा टाळूनही. यांतले काय घडले, हे निव्वळ संख्येवरून सांगता येत नाही. त्यासाठी पिल्लांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून वर्षानुवर्षे नोंदी ठेवाव्या लागतात.