इतिहास, पण एका मुलाला सांगितलेला

मुलांसाठीच्या इतिहासाच्या पुस्तकांचा माग काढत मागे गेलं, की टिकून राहिलेल्या बऱ्याच पुस्तकांच्या मुळाशी एखादंच, हाताच्या अंतरावरचं मूल सापडतं.

सुरुवात मात्र शाळेतूनच झाली. 1658 साली न्यूरेंबर्गला कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं लॅटिन-जर्मन सचित्र पुस्तक निघालं. बेकरी, शिंप्याचं दुकान, पुस्तकबांधणी अशी सुमारे दीडशे चित्रं, चित्रातल्या वस्तूंवर आकडे, आणि तेच आकडे शेजारच्या मजकुरात. माणसं कशी जगतात हे मुलांना चित्रांतून दाखवायची कल्पना तिथं पक्की झाली.

स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं 1827 मध्ये सहा वर्षांच्या नातवासाठी स्कॉटलंडचा इतिहास गोष्टीरूपात लिहायला घेतला. आधी भाषा अगदी बाळबोध ठेवली. पण जरा भारदस्त भाषेत नातू जास्त रमतो असं दिसताच आजोबांनी ती चढवत नेली आणि प्रस्तावनेत तसं कबूलही केलं. मुलांची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हे पान भिंतीवर लावावं, असं मला वाटतं.

नेहरूंची पत्रं तुम्हाला माहीत असतीलच: 1930 ते 1933 या काळात, बहुतेक तुरुंगातून, इंदिरेला लिहिलेली 196 पत्रं. हाताशी ग्रंथालय नाही. आधार वह्यांतल्या टिपणांचा.

तिकडे अमेरिकेत 1922 साली मुलांच्या पुस्तकांसाठीचं पहिलं न्यूबरी पदक मिळालं तेही इतिहासालाच, हेंड्रिक व्हॅन लून यांच्या मानवजातीच्या कहाणीला. त्यातली चित्रंही त्यांनीच काढलेली.

सगळ्यात मजेशीर गोष्ट गॉम्ब्रिकची, म्हणजे पुढे कला-इतिहासकार म्हणून गाजलेल्या अर्न्स्ट गॉम्ब्रिकची. 1935, व्हिएन्ना. वय 26, डॉक्टरेट झालेली, नोकरी नाही. मुलांसाठीचं एक इंग्रजी इतिहासाचं पुस्तक भाषांतराला आलं. हे भाषांतर करण्याच्या लायकीचं नाही, याहून बरं मीच लिहीन, असं म्हणून तो सहा आठवड्यांत लिहून मोकळा झाला. ती जमलेली भाषा आकाशातून पडली नव्हती. मित्राच्या लहान मुलीला आपला प्रबंध पत्रांतून समजावताना हात बसला होता.

पुस्तक फारच शांततावादी म्हणून नाझींनी त्यावर बंदी घातली. पुढे पन्नासेक वर्षांनी नवी जर्मन आवृत्ती निघाली, तेव्हा त्यानं शेवटी एक प्रकरण जोडलं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची फसवणूक झाली असं तरुणपणी आपण लिहिलं होतं, ते चुकलं होतं, असं त्यात मुलांनाच सांगितलं. जुना मजकूर मात्र खोडला नाही.