समुद्र उकळू नका, दाबा!

दर उन्हाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तोच व्हिडिओ फिरायला लागतो. काळा ट्रे, वर तिरकी काच, खाली खारं पाणी, कडेनं थेंब थेंब गोडं पाणी बाटलीत, आणि खाली प्रश्न ठरलेला: ऊन फुकट, समुद्र फुकट, मग सरकार काय झोपलंय का?

व्हिडिओ खोटा नाहीये. पण हिशोब करून बघा. चांगल्या उन्हात १ चौरस मीटर जागेवर दिवसभरात साधारण ५ युनिट ऊर्जा पडते, आणि १ लिटर पाण्याची वाफ करायला लागते ०.६५ युनिटच्या आसपास. म्हणजे एक टक्काही वाया गेला नाही तरी जेमतेम साडेसात लिटर, आणि गळती धरली की तीन ते पाच. चिलीच्या वाळवंटात लास सालिनासला १८७२ मध्ये असा प्रचंड मोठा काचेचा कारखाना उभारला होता, साधारण साडेचार हजार चौरस मीटरचा, समुद्रापेक्षाही खारं पाणी त्यात घालायचे आणि दिवसाला वीसेक हजार लिटर गोडं पाणी मिळायचं, खाणीतल्या खेचरांना पाजायला. दर मीटरमागे पाचेक लिटरच! दीडशे वर्षांत सूर्य बदलला नाही आणि वाफेचा भावही बदलला नाही.

आता त्याच १ चौरस मीटरवर सोलर पॅनल ठेवा. उन्हातला ८० टक्के भाग इथे सरळ वाया जातो, हातात येते दिवसाला १ युनिट वीज. पण ती आरओ प्लांटला दिली तर २५० लिटर पाणी मिळतं. पन्नासपट. मला स्वतःला हा आकडा अजूनही गंमतीचा वाटतो.

असं का? कारण वाफ करायची म्हणजे पाण्याचा प्रत्येक रेणू शेजाऱ्यांपासून ओढून मोकळा करायचा, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना भलतेच घट्ट धरून असतात. (वाफ थंड होताना ती उष्णता परत मिळते, आखाती देशांतले जुने प्लांट तीच पुन्हा पुन्हा वापरतात, तरी भागत नाही.) वास्तविक आपल्याला पाणी पाण्यापासून तोडायचंच नाहीये, मीठ फक्त मागे ठेवायचंय, आणि त्याची किंमत निसर्गानं ठरवून दिलीय: परासरण दाब, म्हणजे आरओच्या मेंब्रेनमधून (मीठ अडवणाऱ्या पडद्यातून) गोडं पाणी पलीकडे ढकलायला लागणारा किमान दाब. लिटरला ३५ ग्रॅम मीठ असलेल्या समुद्राच्या पाण्यासाठी तो साधारण २७ बार, म्हणजे २७० मीटर उंच पाण्याच्या खांबाखाली असतो तेवढा. दाब गुणिले आकारमान केलं की १००० लिटरला ०.७५ युनिट. यापेक्षा स्वस्तात कोणीही करू शकत नाही. म्हणून पाइपला लोहचुंबक बांधून खारं पाणी गोडं करणारे, नाहीतर 'ऊर्जाभारित' पाणी विकणारे भेटले की एकच विचारायचं, ०.७५ युनिट कुठून आणलंत? लोहचुंबकानं मीठ निघत असतं तर इतका खटाटोप केलाच नसता कोणी.

प्रत्यक्षात आजच्या प्लांटमध्ये सगळं धरून १००० लिटरला खर्च ३ ते ४ युनिट येतो आणि खरी मजा इथेच आहे. गोडं पाणी निघत गेलं तसं उरलेलं जास्त खारट होत जातं. निम्मं काढलं की मीठ दुप्पट, दाबही दुप्पट, ५४ बार. म्हणून पंप ६० च्या वर चालवावा लागतो. बरं, १००० लिटर गोड्या पाण्यासाठी २००० लिटर दाबायचं म्हणजे नुसत्या दाबण्याचेच झाले ३.३ युनिट, पंपातला तोटा आणि बाकीची कामं वेगळीच, आणि त्यातलं निम्मं पाणी जास्त खारट होऊन ५८ बार दाबानिशी पलीकडून बाहेर. पूर्वी ते व्हॉल्व्हमधून सोडून द्यायचे किंवा टर्बाइन लावून थोडंफार परत मिळवायचे.

मग आला प्रेशर एक्स्चेंजर, म्हणजे टाकाऊ पाण्याचा दाब ताज्या पाण्याला देणारं यंत्र. रिव्हॉल्वरच्या चक्रासारखा सिरॅमिकचा रोटर, आत लांब आरपार नळ्या. एका बाजूला असताना नळीत समुद्राचं ताजं पाणी कमी दाबानं भरतं, रोटर थोडा फिरतो, तीच नळी दुसऱ्या बाजूला येते आणि मागून ५८ बारचं टाकाऊ पाणी येऊन ताज्या पाण्याला पुढे ढकलतं. मध्ये दट्ट्या नाही की पडदा नाही! पाणीच पाण्याला ढकलतं. मिसळत कसं नाही? मिसळतं, पण अगदी थोडं, कारण भेट क्षणभराची असते आणि नळीत मधोमध एक मिश्र पाण्याचा गोळा कायम पुढे-मागे होत राहतो, तो पूर्ण बाहेर जायच्या आत रोटर फिरलेला असतो, म्हणजे दट्ट्याचं काम तोच करतो. आणि पाणी जवळजवळ दबतच नसल्यामुळे दाब चढवायला आकारमान खर्ची पडत नाही. रोटरला मोटरही नाही, प्रवाहच फिरवतो. दाबाची ९५ टक्क्यांवर ऊर्जा परत, उरलेल्या दोन-तीन बारसाठी छोटा बूस्टर पंप, आणि मुख्य पंपाला आता २००० ऐवजी १००० लिटरच दाबायचं. मेंब्रेनचं कौतुक सगळे करतात (तेही रास्तच, १९५० च्या दशकाच्या शेवटी लोब आणि सौरिराजन यांनी कॅलिफोर्नियात केलेलं काम), पण बिल निम्म्यावर आणण्यात या फिरत्या सिरॅमिकचा वाटा फार मोठा आहे.

राहिला प्रश्न सौर आणि पवन ऊर्जेचा. ऑस्ट्रेलियातला पर्थचा प्लांट २००६ पासून 'वाऱ्यावर चालतो' असं सांगतात. प्रत्यक्षात प्लांट ग्रिडवरून वीज घेतो आणि लांबची एमू डाउन्स पवनचक्क्यांची फार्म ग्रिडमध्ये वीज घालते. हिशोबात चोख, पण वारा पडला म्हणून प्लांट बंद पडत नाही. बंद पडूनही चालत नाही म्हणा, कारण सारखं चालू-बंद केलं की मेंब्रेनला त्रास, थांबलेल्या पाण्यात जिवाणूंचा थर, आणि महागडी यंत्रं रात्रभर नुसती बसून. लक्षद्वीपच्या कवरत्तीत २००५ पासून वेगळंच तंत्र चालतं, वरचं कोमट पाणी निर्वातात उकळायचं आणि साडेतीनशे मीटर खालच्या थंड पाण्यानं वाफ थंड करायची, दिवसाला १ लाख लिटर. उष्णता समुद्राचीच, पण पंपांना वीज लागतेच.

विजेपेक्षा पाणी साठवणं कितीतरी सोपं, बॅटरीऐवजी मोठी टाकी बांधायची. त्यामुळे ऊन असेल तेव्हा जास्त दाबायचं आणि रात्री कमीवर चालू ठेवायचं, असे कमी-जास्त चालणारे प्लांट जमले की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे ते दुप्पट खारट पाणी: जड असल्यानं तळाशी बसतं आणि तिथल्या जिवांना ते मानवत नाही, म्हणून ते समुद्रात लांब नेऊन अनेक तोंडांच्या पाइपनं जोरात फवारून मिसळावं लागतं. त्याचीही वीज वरच्या ३-४ युनिटांतच मोजायची.