पाण्यावरचा कोळी बुडत का नाही?

इंग्लंडच्या पाणथळ जागी 'उंदराएवढे कोळी' सोडल्याच्या बातम्या अधूनमधून झळकतात आणि लोक हबकतात. उंदीर वगैरे काही नाही. डोलोमेडीस प्लँटारियस, म्हणजे फेन राफ्ट स्पायडर, याच्या मादीचं धड जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर. पाय पसरले की तळहात भरतो, एवढंच. मथळे भितात ते पायांना, आणि गंमतही पायांतच आहे.

हा कोळी पाण्यावर लाकडासारखा अर्धा बुडून तरंगत नाही. पायांवरची दाट लव पाणी धरत नाही, त्यामुळे पायाखाली पृष्ठभाग नुसता दबतो, खळगा पडतो. पृष्ठताण तो खळगा सपाट करू पाहतो आणि पाय वर रेटला जातो. हिशेबच करू. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन. कोळी एक ग्रॅमचा धरला तर त्याला पेलायला सुमारे ०.०१ न्यूटन बल हवं, म्हणजे ताण सरळ वर लागतो असं मानून पाणी पायाला जिथे टेकतं ती कड १४ सेंटिमीटर लांब हवी. प्रत्येक पायाला कडा दोन, पाय आठ. एकेक सेंटिमीटर टेकला तरी १६ झाले!

पण पाणी पायाला धरतच नसेल, तर पुढे सरकायचं कसं? रॉबर्ट सटर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याच्या अमेरिकी भाईबंदावर, डोलोमेडीस ट्रायटनवर, प्रयोग करून दाखवलं की वल्ह्याचं काम पायासकट तो खळगाच करतो. मधल्या पायांच्या दोन जोड्या मागे रेटल्या की खळगेही मागे सरकतात, पाणी त्यांना अडवतं आणि कोळी पुढे जातो. पाय फार जोरात मारला तर तो खळग्यातून निसटतो. म्हणून घाईच्या वेळी कोळी वल्हवणं सोडतो आणि पाय खाली आपटत चक्क दौडत सुटतो.

शिकारीला जाळं लागत नाही. मागचे पाय देठावर, पुढचे पाण्यावर टेकवून बसायचं. धडपडणाऱ्या किड्याचे तरंग पायांना कळतात. धोका दिसला की देठावरून सरळ पाण्याखाली. लवेत अडकलेल्या हवेमुळे तेव्हा तो चंदेरी दिसतो.

ब्रिटनमध्ये फेन राफ्ट स्पायडर सापडला १९५६ साली, रेडग्रेव्ह अँड लॉपहॅम फेन या दलदलीत. पाण्याचा उपसा आणि आटणारी दलदल यांनी त्याला संपवत आणलं होतं. मग पिल्लं वाढवून नव्या दलदलींत सोडली गेली. ती एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी परीक्षानळी आणि हाताने भरवलेल्या माश्या.