परदेशातील आदिवासी भागांतील वैद्यकीय व दंत सेवा मोहीम

डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि मदतनीस यांचे पथक परदेशात जाऊन, कायमची आरोग्यसेवा जिथे नीट पोचलेली नाही अशा आदिवासी वस्त्यांत ठरावीक दिवस विनामोबदला उपचार करते, तेव्हा त्या उपक्रमाला वैद्यकीय व दंत सेवा मोहीम म्हणतात. मुक्काम बहुधा एक-दोन आठवड्यांचा असतो. विमानभाडे, लसी, राहणे-खाणे हा खर्च बहुतेक स्वयंसेवक स्वतःच उचलतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे ९० देशांत मिळून ४७.६ कोटी आदिवासी राहतात. ग्वातेमालातील माया, पनामातील न्गाबे आणि बुग्ले, तसेच पेरू व एक्वादोर यांच्या अमेझॉन खोऱ्यातील अनेक जमातींच्या भागांत अशी पथके जातात.

या कामाची मुळे मिशनरी वैद्यकात आहेत. इंग्रज डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल १८९२ मध्ये आजच्या कॅनडातील लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर गेले ते तिथल्या मच्छीमारांसाठी आणि इन्युइट आदिवासींसाठी. दुसऱ्याच वर्षी त्यांनी बॅटल हार्बरला रुग्णालय सुरू केले. ब्राझीलमध्ये साओ पावलो येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १९६५ पासून झिंगू नदीकाठच्या जमातींसाठी काम सुरू केले. रोबेर्तो बारुत्सी हे त्याचे प्रमुख. पथके वर्षानुवर्षे त्याच गावांत जात राहिली, लसीकरण करत राहिली आणि प्रत्येक माणसाचे स्वतंत्र आरोग्यपत्रक ठेवत राहिली. पत्रकावर छायाचित्र असे, आणि त्याला कारण होते: तिथल्या अनेक जमातींत माणसाचे नाव आयुष्यात बदलते, त्यामुळे नुसत्या नावावरून जुनी नोंद सापडणे कठीण. आजही मोहिमेची पारख करायची तर तिची नोंदवही आधी पाहावी. गेल्या वर्षीच्या रुग्णाचा कागद यंदा हाती लागत नसेल, तर ते पथक दर वर्षी नव्यानेच येत असते.

शिबिरात दातांच्या रांगेचे प्रमाण मोठे असते. रस्ता झाला की दुकान येते, दुकानात साखर, बिस्किटे आणि बाटलीबंद गोड पेये येतात. दंतवैद्य मात्र कित्येक वर्षे येत नाही. म्हणून विशीतल्या माणसाच्याही दाढा मुळापर्यंत किडलेल्या आढळतात. शाळेची खोली रिकामी करून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. मदतनीस मागून रुग्णाचे डोके धरतो, दंतवैद्याच्या कपाळावर दिवा असतो, थुंकायला पायाशी बादली. भूल दिल्यावर ओठ बधिर होईपर्यंत थांबायचे. रांग लांबली की नेमकी हीच मिनिटे कापली जातात, आणि दुखण्याच्या भीतीने मुले पुढच्या वर्षी येत नाहीत. मग दाढ हलवून सैल करायची, चिमट्याने काढायची, खड्ड्यावर कापसाची घडी ठेवून अर्धा तास दाबून धरायला सांगायचे. हत्यारे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायला कोपऱ्यात गॅसच्या शेगडीवर प्रेशर कुकर किंवा तसेच काम करणारा छोटा ऑटोक्लेव्ह चालू असतो. १२१ अंश सेल्सिअसला उघड्या हत्यारांना किमान १५ मिनिटे आणि गुंडाळलेल्या संचाला साधारण ३० मिनिटे लागतात. ही वेळ पूर्ण दाब आल्यापासून मोजायची. यात घाई करणे गुन्ह्यासारखेच आहे. पश्चिम अमेझॉनमध्ये यकृतदाहाचे (हिपॅटायटिसचे) ब आणि ड हे दोन्ही विषाणू मोठ्या प्रमाणावर आहेत, आणि नीट निर्जंतुक न झालेला एक चिमटा त्यातला ब घरोघर पोचवू शकतो. स्वयंसेवकाने स्वतः ब यकृतदाहाची लस पूर्ण करूनच जावे.

दात काढणे हा मात्र एकच इलाज नव्हे. वीज आणि ड्रिल नसतानाही केवळ हातातल्या हत्यारांनी कीड खरवडून काढायची आणि पोकळीत ग्लास आयनोमर सिमेंट भरायचे, ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यात टांझानियात विकसित झाली. कीड थांबवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड त्याहूनही सोपे: एक थेंब पुरतो, सुई लागत नाही. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आईवडिलांना आधीच सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडयुक्त टूथपेस्टसोबत ही दोन्ही द्रव्ये घातली. तरीही ‘अमुक इतके दात काढले’ हा आकडा अनेक पथकांच्या अहवालात सर्वांत वर असतो. तो यशाचा आकडा मानणे चूक आहे. काढलेला प्रत्येक दात म्हणजे आधी कुणीच पोचले नाही याची नोंद आहे.

दुसरी अडचण वेळेची. दाढ काढल्यानंतर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेली तर तीव्र ठणका सुरू होतो, आणि तो सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. शेवटच्या दिवशी अवघड दाढ काढली, तर दुखणे उठते तेव्हा पथक विमानात असते. म्हणून जाणती पथके अवघड कामे पहिल्या दोन दिवसांत उरकतात, शेवटचा दिवस तपासणीला ठेवतात आणि रुग्णांची यादी, वेदनाशामके व सूचना स्थानिक आरोग्यसेवकाच्या हाती देऊन निघतात. रक्तदाबाचेही तसेच. महिन्याच्या गोळ्या दिल्या, पण पुढच्या महिन्याच्या कुठून मिळणार हे ठरलेले नसेल, तर त्या माणसाला रोगाचे नाव तेवढे मिळाले. दान म्हणून न्यायच्या औषधांविषयी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ पासून आहेत: औषध तिथल्या गरजेचे असावे, पोचताना त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, वेष्टनावरची माहिती तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना कळणाऱ्या भाषेत असावी.

भाषेचा प्रश्न बाहेरून दिसतो त्याहून खोल आहे. एकट्या ग्वातेमालात वीसहून अधिक माया भाषा बोलल्या जातात. ‘कधीपासून दुखतंय?’ हा प्रश्न इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये, स्पॅनिशमधून माम या माया भाषेत जातो आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. लांबलचक उत्तराचे शेवटी ‘हो’ एवढेच उरले, तर दुभाष्याला पुन्हा विचारायला हवे. दुभाष्या गावातलाच असला तर बाई त्याच्यासमोर अंगावरून जाण्याची तक्रार सांगणार नाही. त्यासाठी बाई दुभाषी लागते.

संमतीचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे, आणि त्याला कटू इतिहास आहे. अमेरिकी सरकारी डॉक्टरांनी १९४६ ते १९४८ या काळात ग्वातेमालात कैदी, सैनिक आणि मनोरुग्णांना मुद्दाम गुप्तरोगांची लागण केली; अमेरिकेने त्याबद्दल २०१० मध्ये माफी मागितली. पेरूमध्ये १९९०च्या दशकात सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात हजारो स्त्रियांची खऱ्या संमतीविना नसबंदी झाली, त्यांत क्वेचुआ आदिवासी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. अशा मुलखात सुईला नकार मिळाला तर तो अडाणीपणा समजू नये. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्याचे २४ वे कलम आरोग्यसेवेबरोबरच स्वतःची पारंपरिक औषधपद्धती जपण्याचाही हक्क देते. वैदू आणि सुईणीला आधी भेटणारे पथक हा हक्क मान्य करते, शिवाय कोण आजारी आहे हेही त्यांच्याकडूनच लवकर कळते.

बाहेरच्या जगाशी संपर्क न आलेल्या गटांकडे तर मोहिमेने जाऊच नये. पेरूच्या नाहुआ लोकांशी १९८४ मध्ये संपर्क झाल्यावर श्वसनरोगांच्या साथींत काही वर्षांतच त्यांची निम्म्याहून अधिक माणसे दगावली. ब्राझीलने १९८७ पासून अशा गटांशी आपणहून संपर्क न करण्याचे धोरण ठेवले आहे. संपर्कातल्या वस्तीतही सर्दी-खोकला झालेल्या स्वयंसेवकाने मागेच थांबावे, मग त्याने कितीही खर्च केलेला असो.

कायद्याने पाहुण्या डॉक्टरलाही त्या देशाच्या आरोग्य खात्याची परवानगी लागते. विद्यार्थ्यांबाबत अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०११ मध्ये सूचना काढल्या. त्यांचा रोख असा की मायदेशी जे करण्याची मुभा नाही, ते परदेशातल्या गरिबावर करू नये. ज्याने कधी दात काढलेला नाही, त्याने पहिला दात इथे काढून शिकणे हा रुग्णाचा अपमान आहे. केसपेपर लिहिणे, हत्यारे धुणे, मुलांना ब्रश धरायला शिकवणे ही कामे अशा स्वयंसेवकाला भरपूर असतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८९ चा १६९ क्रमांकाचा करार सांगतो की आदिवासींच्या आरोग्यसेवेत स्थानिक आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणाला आणि नेमणुकीला प्राधान्य द्यावे. अलास्कात हे दातांच्या बाबतीत करून पाहिले गेले. तिथल्या आदिवासी आरोग्य संस्थेने २००३ मध्ये आपल्या तरुणांना न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात दंत-सहायकाचे शिक्षण घ्यायला पाठवले. दंतवैद्यांच्या संघटनांनी त्यांच्या कामाला न्यायालयात आव्हान दिले, तरी ते टिकले. हे सहायक दात भरतात, गरज पडली तर काढतात, आणि ठणका उठलेला रुग्ण चौथ्या दिवशी आला तर ते वस्तीतच असतात.