टेबल इमेजची किंमत किती चिप्स?

टेबल इमेज म्हणजे तुम्ही कसे खेळता याबद्दल पोकरच्या टेबलावरच्या बाकीच्यांनी बांधलेला समज. टेक्सास होल्डेम पोकरच्या टेबलावर नऊ जण बसले आहेत आणि सगळे अगदी सारखे खेळतात, असं धरून चालू. प्रत्येक जण पाच डावांतून सरासरी एकदा रेझ करतो, म्हणजे लावायची रक्कम वाढवतो, एरवी पानं टाकून देतो. तुम्ही पहिले दहा डाव नुसते बघत बसलात. या दहांत एखाद्याने चार किंवा जास्त वेळा रेझ करण्याची शक्यता सुमारे 12 टक्के येते. तुमच्यासमोर आहेत आठ जण. म्हणजे निव्वळ पत्त्यांच्या लहरीमुळे त्यांतला सरासरी एक जण ‘हा फारच अंगावर येतोय’ असा वाटणार. प्रत्यक्षात तो इतरांइतकाच सरळमार्गी.

उलट बाजूही तशीच. तुम्हाला ओळीने दहा वेळा भिकार पानं येण्याची शक्यता जवळपास 11 टक्के. तसं झालं की काहीही न करता तुम्ही टेबलाच्या लेखी ‘टाइट’, म्हणजे हात आखडून खेळणारे, ठरता. टेबल इमेजच्या गप्पा ऐकल्या तर वाटावं की ती खेळाडू घरून शिवून आणतो. बरीचशी ती पत्तेच शिवतात, आणि तीही तुमचं माप न घेता.

मात्र कोणी दहांत सहा वेळा रेझ केलं तर मामला वेगळा. पाचात एकदा रेझ करणाऱ्याच्या हातून असं होण्याची शक्यता फक्त 0.6 टक्के आहे. इथे संशय घ्यायलाच हवा. बेझच्या नियमाचा गाभा हाच: आधीचा अंदाज घ्यायचा, नव्या पुराव्याला त्याच्या वजनाइतकीच किंमत द्यायची आणि अंदाज सुधारायचा. माणूस नेमका त्या वजनात गडबड करतो, विशेषतः शेवटच्या दोन-तीन डावांत त्याचीच जिरली असेल तर. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. त्याआधी ऑनलाइन खेळणाऱ्यांच्या हाताशी प्रतिस्पर्ध्याचे हजारो डाव मोजून ठेवणारी सॉफ्टवेअर असायची. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर बसणाऱ्याला ती सोय नाही. प्रत्यक्ष टेबलावर तासाला जेमतेम 25-30 डाव होतात, आणि नोंद ठेवायची ती डोक्यात.

आता समोरचा खरोखरच आक्रमक आहे असं मानू. स्पर्धेत ब्लाइंड, म्हणजे पानं बघायच्या आधी दोघांनी भरायच्या सक्तीच्या रकमा, 500 आणि 1,000 (मोठी ती बिग ब्लाइंड). शिवाय अँटी, म्हणजे डावागणिक भरायची आणखी एक सक्तीची रक्कम, 1,000. त्याने 2,300चं रेझ केलं. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या गल्ल्यात, 4,800 झाले. तुम्ही बटणावर, म्हणजे तुमच्यानंतर बोलणारे फक्त ब्लाइंड भरलेले दोघे, चिप्स 15,000, हातात एक्का-पंजीसारखी मध्यम पानं. तुम्ही ऑल-इन केलंत, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. मागे उरलेल्या दोन ब्लाइंडवाल्यांना क्षणभर विसरू.

तो निम्म्या पानांवर रेझ करतो आणि सगळ्यात वरच्या 10 टक्के पानांवरच कॉल करतो, म्हणजे तेवढीच रक्कम लावून भिडतो, असं असेल, तर पाचातून चार वेळा तो पानं टाकेल आणि 4,800 तुमचे. पाचव्यांदा कॉल येईल आणि तुमची जिंकण्याची शक्यता 35 टक्क्यांच्या आसपास असेल. जमाखर्च मांडला की या चालीतून सरासरी 3,100 चिप्सचा फायदा निघतो. हीच चाल, हीच पानं, पण समोरचा फक्त 15 टक्के पानांवर रेझ करणारा असेल तर? तो तीनातून दोनदा कॉल करेल आणि तुम्हाला सरासरी 800 चिप्सचा फटका बसेल.

आता तुमची इमेज हिशेबात घेऊ. आक्रमक गड्याला तुम्हीही उडाणटप्पू वाटता, म्हणून तो 10ऐवजी 20 टक्के पानांवर कॉल करतो. त्या कॉलमध्ये कमजोर पानंही येतात, त्यामुळे तुमची शक्यता 40 टक्क्यांपर्यंत वाढते असं धरा. फायदा उरतो 2,100च्या आसपास. तुम्ही त्याच्याबद्दल चुकलात तर जवळपास 3,900 चिप्सचा फरक. तो तुमच्याबद्दल चुकला तर हजाराचा, म्हणजे एका बिग ब्लाइंडचा. माझ्या मते हा हिशेब एकदा केला की कॉलर वर करून मख्ख चेहरा ठेवण्यापेक्षा समोरच्याचे रेझ मोजण्यात जास्त पैसा आहे हे पटतं.

तरीही एका जागी इमेजचा भाव एकदम चढतो. ती जागा म्हणजे बबल: अजून एक जण बाहेर गेला की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस. समजा चौघे उरलेत, चिप्स सारख्या, आणि बक्षिसं तिघांनाच: 50,000, 30,000 आणि 20,000 रुपये. प्रत्येकाच्या चिप्सची किंमत आत्ता 25,000. कोणी ऑल-इन केलं, तुम्ही कॉल केलात आणि जिंकलात, तर चिप्स दुप्पट होतात. पैशांत मात्र त्यांची किंमत 50,000 होत नाही, 38,333 होते, कारण उरलेल्या दोघांनाही बक्षीस आता पक्कं झालेलं असतं. हरलात तर शून्य. त्यामुळे कॉल परवडायला जिंकण्याची शक्यता 50 नव्हे, 65 टक्क्यांहून जास्त लागते. हे गणित आलंय घोड्यांच्या शर्यतीवरून: दुसरा-तिसरा क्रमांक कोणाचा, याचं सूत्र डेव्हिड हारव्हिल यांनी 1973 साली मांडलं आणि पुढे मेसन मालमुथ यांनी ते पोकरच्या चिप्सना लावलं.

समोरचा डोळे मिटून कुठल्याही दोन पानांवर ऑल-इन करत असला तरी 65 टक्क्यांची अट पुरी होते ती सत्तीच्या जोडीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा आणि आणखी मोजक्या पानांवर. शंभरातली पाच-सहा. बाकी वेळा तो माजलाय हे दिसत असूनही पानं टाकणं बरोबर. आक्रमक खेळाडू बबलवर सगळ्यांना दाबतो ती नुसती मस्ती नसते. गणित त्याच्या बाजूने असतं.

त्याला अडवायचं कसं? दोघं भिडले तर सरासरीने दोघांचंही नुकसान होतं आणि बाजूला बसलेले दोघं फुकटात कमावतात. म्हणून त्याचा डाव फक्त पानं टाकू शकणाऱ्या माणसावर चालतो. ‘याला हिशेब कळत नाही, हा कॉल करून बसेल’ अशी तुमची ख्याती असेल तर तो तुमच्या वाटेला जाणार नाही. बबलवर सगळ्यात किमती इमेज शहाण्याची नसते, हट्टी माणसाची असते. ती बबलवर जाऊन कमवायची नाही, तिथे महाग पडते. बक्षिसं लांब असताना, पॉट लहान असताना, एखादा बेताच्या पानांचा कॉल करून पानं सगळ्यांना दिसू द्यायची.

जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी 1944च्या त्यांच्या ग्रंथात पोकरचं एक छोटं मॉडेल सोडवलं, तेव्हा ब्लफची कारणं दोन सांगितली होती: पानं दुबळी असताना ताकदीचा भास निर्माण करणं आणि ताकद असताना दुबळेपणाचा. दुसरं कारण सहसा विसरलं जातं. पकडला गेलेला ब्लफ म्हणजे पुढच्या खऱ्या पानांची जाहिरात. फक्त स्पर्धेत टेबलं मोडत असतात. वसुली व्हायच्या आत तुम्हाला दुसऱ्या टेबलावर हलवलं तर जाहिरातीचे पैसे पाण्यात.

आक्रमक खेळाडूही फसतो. 2003च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत शेवटी दोघेच उरले: सॅम फार्हा हा मुरलेला आक्रमक व्यावसायिक आणि ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला हिशेबनीस ख्रिस मनीमेकर. एका डावात टेबलावर दोघांसाठी सामाईक उघडलेली पाच पानं: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी आणि बदाम तिर्री. फार्हाकडे राणी-नव्वी, म्हणजे टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती: फ्लश (एकाच रंगाची, इथे इस्पिकची, पाच पानं) हुकला, सीक्वेन्स (ओळीतली पाच पानं) हुकला, हाती शून्य. त्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. ‘तुझा फ्लश हुकलेला दिसतोय’ अशा अर्थाचं फार्हा बोलला, आणि तरी त्याने पानं टाकली. अंदाज बरोबर होता, त्यावर पैसे लावायची तयारी नव्हती. हौशी माणसाच्या इमेजचा त्यात किती वाटा, ते फार्हालाच ठाऊक.

2019 साली प्लुरिबस या संगणक प्रणालीने सहा जणांच्या होल्डेममध्ये नामांकित व्यावसायिकांना हरवलं, तेही कोणाच्याही सवयींचा अभ्यास न करता. पण त्या प्रयोगात प्रत्येक डाव सुरू होताना सगळ्यांच्या चिप्स पुन्हा सारख्या केल्या जात. बबल नव्हता, बक्षिसांची उतरंड नव्हती. स्पर्धेत एखाद्याकडे जेमतेम आठ बिग ब्लाइंडइतक्या चिप्स उरलेल्या असतात, दुसऱ्याकडे ऐंशी. आठवाल्यापुढे इमेज मिरवून उपयोग नाही. त्याला पानं टाकत बसणं परवडतच नाही. ऐंशीवाल्याच्या डाव्या हाताला जागा मिळाली तर ती सोडू नका, तो आधी बोलतो आणि तुम्ही नंतर.