दोन्ही झबली विणलेलीच, मग कोड वेगळा का?

सांगलीच्या कापड पेठेतल्या एका व्यापाऱ्यांनी परवा माझ्यासमोर दोन झबली ठेवली. दोन्ही सुती, एकाच मापाची, परदेशातून नमुना म्हणून आलेली. "दोन्हींना एकच कस्टम्स कोड लावून टाका," म्हणाले. तसं करता येत नाही. कस्टम्स टॅरिफमध्ये, म्हणजे आयात शुल्काच्या यादीत, एक झबलं ६१११ या शीर्षकात जातं, दुसरं ६२०९ मध्ये. शीर्षकाचे पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण.

घोळाचं मूळ आपल्या भाषेतच आहे. आजी सुयांवर स्वेटर विणते आणि विट्याच्या यंत्रमागावर कापडही विणलं जातं. क्रियापद एकच. कस्टम्स टॅरिफ मात्र या दोन कामांना दोन वेगळी प्रकरणं देतं. टाक्यात टाका अडकवून तयार झालेला, म्हणजे आपण ज्याला होजिअरी म्हणतो तो कपडा प्रकरण ६१ मध्ये. उभ्या-आडव्या धाग्यांच्या कापडातून शिवलेला प्रकरण ६२ मध्ये. बनियन पहिल्यात, पॉपलिनचा सदरा दुसऱ्यात.

बरेच जण ओढून बघतात: ताणलं तर होजिअरी. ही खूण फसवी आहे. मागावरच्या कापडातही इलॅस्टेनचा धागा घातला की ते ताणलं जातं. भिंग घ्या आणि शिवणीपासून लांब बघा. एकमेकांत गुंतलेले फासे दिसले तर प्रकरण ६१. धागे काटकोनात एकमेकांवरून-खालून जाताना दिसले तर ६२. फ्रॉकचा वरचा भाग होजिअरीचा आणि घेर कापडाचा असेल, तर त्या फ्रॉकला मूळ रूप कोणत्या भागामुळे आलं ते ठरवावं लागतं. ते ठरतच नसेल, तर लागू पडणाऱ्यांपैकी क्रमाने शेवटचं शीर्षक घ्यायचं.

सेटमध्ये तर हमखास चूक होते. एकाच हँगरवर होजिअरीचा टॉप आणि कापडी चड्डी असली, तरी टॉप ६१११ मध्ये आणि चड्डी ६२०९ मध्ये. वेगवेगळ्या शीर्षकांतले कपडे सेट करून विकायला ठेवले तरी आपापल्या शीर्षकातच जातात, असं टॅरिफमधल्या कापड-कपड्यांच्या विभाग ११ ची टीप १४ सांगते. म्हणजे बिलात किंमतही वेगळी दाखवायला हवी. आपण 'झबलं-टोपडं' एका दमात म्हणतो खरं, पण सुटं आयात केलेलं टोपडं थेट टोप्यांच्या प्रकरण ६५ मध्ये जातं.

आता बाळ कोणाला म्हणायचं? दोन्ही प्रकरणांत व्याख्या एकच आहे: ८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या लहान मुलांसाठीचे कपडे. वयाचा उल्लेखच नाही, आणि मला ते योग्य वाटतं, कारण दीड वर्षाची दोन मुलं शेजारी उभी केली तरी उंचीत फरक पडतो. पण म्हणूनच '१-२ वर्षे' हे लेबल आपल्या उपयोगाचं नाही. ते रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरतं. युरोपीय मापांत आकडाच उंचीचा असतो. ७४, ८०, ८६ ही मापं बाळाची. त्याच डिझाइनचं ९२ आलं की शीर्षक बदललं. होजिअरीचा टी-शर्ट ६१०९ मध्ये जातो, मुलीचा कापडी फ्रॉक ६२०४ मध्ये, मुलाचा कापडी शर्ट ६२०५ मध्ये. बाळाच्या कपड्यात मुलगा-मुलगी भेद नसतो, त्यापुढे बऱ्याच शीर्षकांत तो सुरू होतो. समोर उघडणाऱ्या कपड्यात डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो मुलाचा, उलट असेल तर मुलीचा. काहीच ओळखता आलं नाही, तर मुलींच्या शीर्षकात.

हे सगळं किचकट वाटेल, पण यात पैसे अडकलेले आहेत. काही कपड्यांवर शुल्क 'इतके टक्के किंवा नगाला इतके रुपये, यांपैकी जास्त असेल ते' असं लागतं. स्वस्त मालाला हा नगावरचा दर फार जड जातो. शिवाय बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या घोषणापत्रात, वर्गीकरण आयातदारानेच करायचं असतं. शुल्क कमी भरलं गेलं, तर कस्टम्स कायद्याच्या कलम २८ खाली साधारणपणे दोन वर्षांपर्यंत मागणीची नोटीस येऊ शकते. जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असेल तर पाच वर्षांपर्यंत. खरोखरच शंका असेल, तर माल मागवण्याआधी वर्गीकरणाबद्दल आगाऊ निर्णय मागता येतो. त्यासाठीचं प्राधिकरण मुंबईत आहे.

त्या व्यापाऱ्यांनी अजून ऑर्डर दिलेली नाही. पुरवठादाराकडून मापवार नग, प्रत्येक मापाची सेंटिमीटरमधली उंची, कापड होजिअरीचं की मागावरचं, आणि धाग्यांचं वजनानुसार प्रमाण, एवढं आधी लेखी मागवा, असं मी त्यांना सांगितलं आहे.