पेडल रीहाउसिंग

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बदलणाऱ्या जुन्या पेडलमधले सर्किट मूळ खोक्यातून काढून दुसऱ्या, बहुधा अधिक दणकट डबीत बसवणे, याला वादक आणि कारागीर रीहाउसिंग म्हणतात. सर्किट तेच राहते. डबी, खटका, जॅक, वायरिंग आणि वीज देण्याची सोय तेवढी नवी होते. त्याच आराखड्यावरून नवे सर्किट जुळवणे म्हणजे क्लोन, आणि ते काम वेगळे.

पेडल पायाने दाबायचे असते, पण ते बनवणाऱ्या सगळ्यांनीच हे फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. १९८०च्या दशकातला एरियनचा एससीएच-१ हा जपानी स्टिरिओ कोरस (एका गिटारचा आवाज अनेक गिटारींसारखा भासवणारे पेडल), आयबानेझच्या साउंडटँक मालिकेतली बरीच पेडल्स, पास्त्रामी आणि ट्यूना मेल्ट अशी खाण्याच्या पदार्थांची नावे घेऊन आलेली डॅनइलेक्ट्रोची छोटी पेडल्स, ही सगळी प्लास्टिकची. एससीएच-१चा आवाज नावाजलेला आणि डबी खेळण्यासारखी. त्यामुळे तो रीहाउसिंगचे कायमचे गिऱ्हाईक होऊन बसला. याउलट १९७७पासूनची बॉसची ओतीव धातूची छोटी पेडल्स या कामासाठी क्वचितच येतात.

नाजूक डबी हे रीहाउसिंगचे एक कारण, दुसरे जागेचे. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६मध्ये आणलेल्या फझ फेस या आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलचे गोल खोके माइकच्या स्टँडच्या बैठकीवरून सुचलेले होते. आत मात्र दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर आणि तीन कपॅसिटर एवढाच संसार. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची १९७०च्या दशकातली बिग मफसारखी पेडल्सही अशीच, पत्रा वाकवून केलेल्या ऐसपैस खोक्यांत बसवलेली. त्या काळच्या अनेक पेडल्सना चालू-बंद दाखवणारा दिवा नाही आणि आजच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरची पिन बसेल असे भोकही नाही. काहींचे सर्किट तर बंद असतानाही गिटारच्या सिग्नलला चिकटून राहते आणि आवाजातली धार कमी करते.

नव्या डबीसाठी कॅनडाच्या हॅमंड कंपनीचे आकार प्रमाण मानले जातात. ओतीव ॲल्युमिनियमची १५९०बी ही डबी साधारण ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटरची आणि १५९०बीबी तिच्याहून रुंद. लहान डबीचा मोह आवरावा लागतो, कारण सर्किटचा जुना बोर्ड, जुने मोठे पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) आणि ९ व्होल्टचा सेल तिच्यात एकत्र मावत नाहीत. पॉटसाठी साधारण ७, गिटारच्या जॅकसाठी साडेनऊ आणि खटक्यासाठी १२ मिलिमीटरचे भोक लागते. ते स्टेप ड्रिलने स्वच्छ पडते, मात्र आधी पंचाने खूण केली नाही तर ड्रिल घसरून नव्या डबीवर ओरखडा उठतो. पॉट, वायर, हीट श्रिंक (तापवल्यावर आकसून वायरला चिकटणारी नळी) असे किरकोळ सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळते.

खरी कसोटी वायरिंगमध्ये असते. बोर्डावरच बसवलेले पॉट काढून डबीवर नवे लावताना ओहममधली किंमत जुळली म्हणजे झाले असे नाही. आवाजाच्या नॉबला लॉगऐवजी (कानाला आवाज सारखा वाढत गेल्यासारखा वाटावा असा) लिनिअर, म्हणजे सरळ प्रमाणात बदलणारा पॉट लावला, तर पहिल्या पाव फेरीतच आवाज उसळतो आणि पुढची फेरी जवळजवळ वाया जाते. प्लास्टिकमधून धातूत आलेले सर्किट डबीला अर्थ केले, म्हणजे त्याची अर्थची वायर डबीला जोडली, तर बाहेरची घुरघुर अडते. ते राहून गेले तर डबी धातूची असून उपयोग नाही. बोर्डाची मागची बाजू पॉटच्या पाठीला टेकू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा तुकडा घालतात.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या सुरुवातीच्या फझ फेसमध्ये तर सेलचे अधिक टोक अर्थला जोडलेले असते, म्हणजे आजच्या रिवाजाच्या नेमके उलटे. धातूच्या बाह्यांगाचा अडॅप्टर जॅक अशा डबीत सरळ लावला आणि त्याच अडॅप्टरवर इतर पेडल्सही जोडली, तर सरळ शॉर्टसर्किट होते. इथे प्लास्टिकचा जॅक आणि स्वतंत्र वीजपुरवठा, किंवा निमूटपणे सेल.

जपानच्या शिन-ईचा युनि-व्हाइब, म्हणजे आवाजाला लाटेसारखे हेलकावे देणारे पेडल, ही आणखी वेगळी गंमत. त्यात एक लुकलुकणारा बल्ब आणि भोवती उजेड टिपणारे चार फोटोसेल असतात. बल्बवरचे चकचकीत झाकण हलले किंवा बाहेरचा उजेड आत झिरपला, तर आवाजाची लाटच बदलते. तिथे डबी आवाजाचाच भाग असते.

खटक्याबद्दल कारागिरांत एकमत नाही. नऊ पायांचा खटका लावून पेडल बंद असताना सिग्नल सर्किटच्या बाहेरून थेट पुढे नेण्याची पद्धत लोकप्रिय आहे. पण एरियन किंवा आयबानेझच्या इलेक्ट्रॉनिक खटक्याबरोबर बफरही (सिग्नल क्षीण होऊ न देणारी छोटी सर्किटे) असतात आणि ते काढले की आवाज थोडा बदलू शकतो. मूळ आवाजासाठीच खटाटोप चालला असेल, तर ते राहू द्यावेत.

प्लास्टिकच्या पेडलची डबी बदलल्याने संग्राहकाचे फारसे बिघडत नाही. १९६०च्या दशकातल्या अस्सल फझ फेसला मात्र हात न लावलेला बरा, कारण त्याच्या किमतीत त्या गोल खोक्याचा वाटा मोठा असतो. सावध कारागीर जुन्या खोक्याला एकही नवे भोक पाडत नाही. नॉब, स्क्रू आणि तळाच्या पट्टीसकट ते मालकाला परत देतो. अनुक्रमांक बहुधा त्या खोक्यावरच असतो.